पैसे आहेत, वीज आहे, मग अडलं कुठं?



कारखान्याच्या पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग केंद्र उभारण्याचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. विषयपत्रिकेत तो एका ओळीत उरकलेला दिसेल. जागा किती, खर्च किती, यंत्रं कोण बसवणार, यावर बोलणारे पुष्कळ निघतील. पण गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न कोणी विचारील असं आम्हाला वाटत नाही. तो बारीक वाटतो. गेल्या वैशाखापर्यंत आम्हालाही तो तसाच वाटत होता. म्हणून आधी वैशाखातली हकिगत सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो.

आमच्या गटातल्या एका जुन्या सभासदांना, त्यांना सगळे तात्याच म्हणतात, डोळे तपासायला पुण्याला न्यायचं होतं. तात्यांच्या मुलानं विजेवरची मोटार घेतलेली आहे. तो चाकणला कामाला, खोली करून राहतो. त्या दिवशी त्याला पाळी सोडून येता येईना. गाडी गावीच होती. चालवायला आम्ही, मागे तात्या आणि काकू. जाताना काही अडचण आली नाही, कारण रात्रभर घरच्या मीटरवर बॅटरी भरून घेतली होती. डॉक्टरांनी तात्यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, तपासलं, मोतीबिंदू पिकत आल्याचं सांगितलं, आणि दुपारी आम्ही परतीला लागलो.

ऊन मी म्हणत होतं. गाडीतलं थंड हवेचं यंत्र सारखं चालू, त्यात घाट. निम्म्या वाटेत बॅटरीचा काटा खाली आला. हमरस्त्यावर एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं यंत्र दिसलं म्हणून हायसं वाटलं. गाडी लावली, नळी जोडली. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली, ती इंग्रजीत. मतितार्थ असा, की आमचं ॲप उघडा आणि हे चित्र टिपा.

आमच्या खिशात बटणाचा फोन. तो आम्ही हौसेनं वापरतो, त्याची बॅटरी चार दिवस चालते. तात्यांचा फोन मोठ्या पडद्याचा. पण डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचा माणूस धूसर दिसत होता तिथं फोनवरची अक्षरं कुठून दिसायची? काकूंना वाचता येतं, पण फोनला त्यांनी कधी हात लावलेला नाही. शेवटी आम्हीच चष्मा लावून बसलो. ॲप उतरवून घ्यायला दहा मिनिटं गेली, कारण रेंजची एकच काडी. मग नाव, गाव, ई-मेल. मग ओ.टी.पी. तो आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. दुसऱ्यांदा मागवला. मग ॲपच्या पाकिटात आधी पैसे भरा म्हणाले. पैसे भरायला तात्यांच्या बँकेचा गुप्त आकडा हवा, तात्या म्हणाले, "तो पोराला ठाऊक." पोरगं पाळीवर, फोन कपाटात ठेवलेला.

आमच्या खिशात त्या वेळी साडेतीन हजार रुपये रोख होते. तात्यांच्याकडे बँकेचं कार्ड होतं. यंत्रात वीज होती. गाडीला वीज हवी होती. आणि तरी आम्ही तिथं उन्हात पाऊण तास उभे!

आवारात एक राखणदार होता. त्याला म्हटलं, "बाबा, रोख घे आणि चालू कर." तो म्हणाला, "आवो काका, मी नुसता राखणीला हाय. या डब्याला मला हात लावायची परवानगी न्हाई." त्याचंही बरोबरच होतं. शेवटी मागे रांगेत गाडी लावून उभ्या असलेल्या एका तरुणाला दया आली. त्यानं स्वतःच्या फोनवरून यंत्र चालू करून दिलं. पंधरा युनिट वीज घेतली, तीनशे बारा रुपये झाले, ते आम्ही त्याच्या हातावर रोख ठेवले. चहा पाजला. तो नसता तर तात्यांना डोळ्यांवर रुमाल धरून संध्याकाळपर्यंत तिथंच बसावं लागलं असतं.

यंत्र कोणाचं, कंपनी कोणती, ते आम्ही लिहीत नाही. दोष एकाचा नाही. रीतच तशी पडलेली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही मुद्दाम चौकशी केली, तेव्हा कळलं की ज्याच्याकडे चांगला फोन आहे, ज्याला इंग्रजी येतं, तोही या रीतीला वैतागलेला आहे. कारण प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, प्रत्येकाचं पाकीट निराळं. नागपूरला जाऊन यायचं तर फोनमध्ये पाच-सात ॲपं आणि प्रत्येकात दोनशे-चारशे रुपये अडकलेले. आपले पैसे, पण वापरता येत नाहीत!

आता पेट्रोल पंपाची रीत आठवून पाहा. पंपावर आपण गेलो तर कोणी आपलं नाव विचारत नाही. पाचशेचं टाक म्हटलं की पाचशेचं टाकतात. रोख द्या, कार्ड द्या, फोनवरून द्या. आपल्या कारखान्याच्या पंपावर तर ऊस वाहतुकीच्या गाड्यांना चिठ्ठीवर डिझेल मिळतं आणि हिशेब बिलात होतो. पिठाच्या गिरणीतही असंच. दळण वजन करून टाकायचं, पैसे द्यायचे, पीठ घ्यायचं. गिरणी विजेवर चालते म्हणून गिरणीवाला तुमचा ई-मेल मागत नाही.

एस.टी.डी.चे पिवळे बूथ आठवतात का? आमच्या पिढीला चांगले आठवतात. आत काचेच्या खोलीत फोन, बाहेर टेबलावर छोटं यंत्र. आपण बोलू लागलो की यंत्रावर आकडे पळायचे, बोलणं संपलं की पट्टी छापून बाहेर यायची, आणि बूथवाला पैसे घ्यायचा. बोलणाऱ्याच्या घरी फोन आहे की नाही, हे कोणी विचारत नव्हतं. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठीच तर बूथ होता! चार्जिंगचं यंत्र तरी दुसरं काय आहे? आकडे पळतात, युनिट मोजली जातात, शेवटी पैसे होतात. मग इथंच फोनची सक्ती कशाला?

याचं उत्तर समजायला यंत्राच्या पोटात डोकवावं लागेल. फार खोल नको, थोडंच. चार्जिंगच्या यंत्रात एक सिमकार्ड असतं. त्यातून ते कंपनीच्या दूरच्या संगणकाशी बोलत असतं. आपण फोनवर बटण दाबलं की निरोप आधी त्या संगणकाकडे जातो. संगणक पाहतो की या माणसाच्या पाकिटात पैसे आहेत. मग तो यंत्राला सांगतो, 'सोड वीज.' यंत्र गाडीशी दोन शब्द बोलून घेतं, आतला खटका पडतो आणि वीज वाहू लागते. म्हणजे विजेला तुमच्या फोनची गरज काडीची नाही. फोनचं काम एवढंच, की 'या गिऱ्हाइकाचे पैसे खरे आहेत' अशी ग्वाही देणं. ही ग्वाही फोनच देऊ शकतो असं नाही. कार्ड देऊ शकतं, शेजारी बसलेला कॅशियर देऊ शकतो.

पुष्कळ यंत्रांना कार्ड वाचणारी पाटी मुळातच बसवलेली असते. कार्ड टेकवलं की त्यातला क्रमांक यंत्र वाचतं. ऑफिसात दार उघडायला नोकरदार जे कार्ड टेकवतात, त्याच जातीचं हे कार्ड. आणखी एक गोष्ट आम्हाला एका जाणत्या वायरमननं सांगितली. अशा कार्डांची यादी यंत्राच्या आतच साठवून ठेवण्याची सोय असते. रेंज गेली तरी यंत्र यादीत क्रमांक पाहतं, वीज सोडतं, आणि रेंज आली की हिशेब संगणकाकडे पाठवतं. आपल्या भागात पावसाळ्यात रेंजचं काय होतं ते सभासदांना सांगायला नको. फोनवर सगळं टांगून ठेवलं तर दोन ठिकाणची रेंज लागते, यंत्राची आणि फोनची. दोहोंपैकी एक गेली की गाडी जाग्यावर.

यावर काही तरुण सभासद म्हणतील, की आता कोणाकडे फोन नाही? भाजीवालीसुद्धा क्यू.आर.वर पैसे घेते. तुम्ही जुनी माणसं उगीच आडवं लावता.

तर यात दोन गोष्टींची गल्लत होते. भाजीवाली क्यू.आर.वर पैसे घेते हे खरं. पण ती कोणत्याही ॲपवरून घेते. 'आधी माझं ॲप उतरव, माझ्या पाकिटात पाचशे रुपये भर, मग तुला मेथीची जुडी देते' असं ती म्हणत नाही. आणि दहाची नोट पुढं केली तर तीही घेते. आमचा आक्षेप फोनवरून पैसे देण्याला नाही. ज्याला ते सोयीचं आहे त्यानं खुशाल द्यावेत. आक्षेप दुसऱ्या सगळ्या वाटा बंद करण्याला आहे.

आणि फोन नसलेला माणूस म्हणजे कोण? अडाणी, म्हातारा, एवढीच त्याची ओळख नाही. फोनची बॅटरी उतरली की इंजिनिअरसुद्धा बिनफोनचा होतो. फोन ओढ्यात पडला, चोरीला गेला, रिचार्ज संपला, बँकेचा सर्व्हर बंद पडला, की झालाच बिनफोनचा. घरात चांगला फोन एकच, तो मुलगा कॉलेजात घेऊन जातो, आणि आई स्कूटरवर दूध घालायला निघते, तीही बिनफोनची. मालवाहू तीनचाकी चालवणारा ड्रायव्हर मालकाच्या पैशानं चार्जिंग करतो. त्यानं स्वतःच्या खात्यातून पाकीट भरावं आणि मग मालकाच्या मागं लागावं, हे कुठलं? त्याला मालकानं हातात शंभराच्या चार नोटा दिल्या तर चालत नाहीत. आणि मोतीबिंदू तर सगळ्यांनाच व्हायचा आहे, आज ना उद्या.

परदेशात हा प्रश्न आपल्या आधी आला, कारण गाड्या तिथं आधी आल्या. त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१३ मध्येच कायदा केला, की सार्वजनिक चार्जिंगसाठी कोणालाही वर्गणीदार व्हायची सक्ती करता येणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं आपल्या अनुदानातून उभ्या राहणाऱ्या केंद्रांना अट घातली, की यंत्रानं बँकेचं कार्ड टेकवून पैसे घेतलेच पाहिजेत, आणि त्याशिवाय फुकट लागणाऱ्या दूरध्वनी क्रमांकावरून किंवा साध्या एस.एम.एस.वरून चार्जिंग सुरू करण्याची सोय हवी. साधा एस.एम.एस.! म्हणजे आमच्या बटणाच्या फोनलाही तिथं मान आहे.

युरोपीय संघाचा नियम १३ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्या तारखेनंतर बसवलेल्या प्रत्येक सार्वजनिक यंत्रावर, कोणताही करार न करता, आयत्या वेळी आलेल्या माणसाला पैसे देऊन वीज घेता आली पाहिजे. ५० किलोवॅट आणि त्यावरच्या वेगवान यंत्रांना बँकेचं कार्ड चालणारं साधन सक्तीचं. त्याखालच्या यंत्रांना क्यू.आर. चालेल अशी सूट आहे. मुख्य हमरस्त्यांवरच्या जुन्या वेगवान यंत्रांनासुद्धा १ जानेवारी २०२७ ही तारीख घालून दिली. ब्रिटननं २०२३ मध्ये नियम केले आणि २४ नोव्हेंबर २०२४ पासून ८ किलोवॅट व त्यावरच्या नव्या यंत्रांना, तसंच ५० किलोवॅट व त्यावरच्या जुन्या यंत्रांनाही, कार्ड टेकवून पैसे घेण्याची सोय बंधनकारक केली. शिवाय अडलेल्या माणसासाठी चोवीस तास फुकट मदतीचा फोन.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे देश काही फोनमध्ये मागासलेले नाहीत. तरी त्यांना कायदा करावा लागला. कंपन्या आपणहून वाट मोकळी करीत नाहीत, कारण ॲपमध्ये त्यांचा फायदा असतो. गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात येतात, त्याचं नाव-गाव कळतं, तो कुठं जातो-येतो ते कळतं, आणि पाकिटात पैसे अडकले की तो दुसरीकडे जायला कचरतो. त्यांनी आपला फायदा पाहिला तर नवल नाही. पण आपणही आपला पाहायला हवा.

मग आपल्या देशात साधनांची वानवा आहे काय? मुळीच नाही. टोलनाक्यावरचं फास्टॅग पाहा. फेब्रुवारी २०२१ पासून ते सक्तीचं झालं. काचेवर चिकटवलेली पट्टी, नाक्यावरचं यंत्र ती वाचतं आणि टोल वळता होतो. त्या क्षणाला ड्रायव्हरच्या खिशात फोन असो वा नसो. बँकेच्या कार्डाचं पाहा. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं पाच हजार रुपयांपर्यंतचे पैसे नुसतं कार्ड टेकवून, गुप्त आकडा न घालता देण्याची मुभा दिली. चार्जिंगचं बिल तीनशे, पाचशे, फार तर हजार! त्यात आरामात बसतं. मार्च २०१९ मध्ये रुपेचं प्रवासाचं कार्ड निघालं, 'एक देश एक कार्ड' म्हणून. त्यात पैसे भरून ठेवायचे आणि टेकवत जायचे. आणि बटणाच्या फोनवाल्यांसाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये 'यू.पी.आय. १२३ पे' सुरू केलं. इंटरनेट नको, ॲप नको. ठराविक क्रमांकाला फोन लावून, तो सांगेल तसे आकडे दाबून पैसे जातात. म्हणजे औषध कपाटात आहे, रोगी खाटेवर आहे, फक्त औषध खाटेपर्यंत कोणी आणीना!

२०२५ मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयानं 'पी.एम. ई-ड्राइव्ह' योजनेत देशभरच्या चार्जिंगसाठी एकच ॲप असावं आणि ते 'भेल'नं तयार करावं, असा विचार मांडला. या योजनेत दोन हजार कोटी रुपये चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवले आहेत. दहाच्या जागी एक ॲप ही सुधारणाच म्हणायची. पण दहा कुलपांच्या जागी एक कुलूप आलं, तरी ज्याच्याजवळ किल्लीच नाही त्याला काय त्याचं? तात्यांचे डोळे एका ॲपलाही तितकेच आंधळे होते.

आता आपल्या कारखान्याकडे येऊ. चार्जिंग केंद्र चालवायला विजेचा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे. तेव्हा आपण हे केंद्र चालवू शकतो. चालवावंही. आपल्या कार्यक्षेत्रात विजेवरच्या स्कूटरी आल्या, तीनचाकी आल्या, मोटारी येऊ लागल्या आहेत. पंपाशेजारी जागा आहे, रस्ता आहे, राबता आहे. हंगामात आपण बगॅस जाळून वीज करतो आणि महावितरणला विकतो. बगॅस कोणाचं? सभासदांच्या उसाचं. ज्याच्या उसावर कारखाना वीज करतो, त्याच सभासदाला कारखान्याच्या दारात रोख पैसे मोजून वीज मिळू नये, तर ती शोभा कोणाची होईल?

म्हणून बाहेरच्या कंपनीशी करार होण्याआधी, त्या करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात असं आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, रोख. पंपावर कॅशियर आहेच. चार्जिंगचा आणखी एक गल्ला त्याच्याकडे द्यावा. अडचण अशी सांगतात, की बिल आधी ठाऊक नसतं. तर पंपावर आपण 'दोनशेचं टाक' म्हणतो तसं इथंही म्हणता येतं. दोनशे घ्यावेत, तेवढ्याच युनिटांची मुभा यंत्राला द्यावी. गाडी आधीच भरली तर उरलेले पैसे पावतीसह परत. काट्यावर भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन वजा करून निव्वळ काढतात, त्यापेक्षा हे गणित अवघड नाही.

दुसरी गोष्ट, सभासद कार्ड. प्रत्येक इच्छुक सभासदाला टेकवायचं कार्ड द्यावं. त्यात गट कार्यालयात रोख पैसे भरता यावेत. काही संचालकांचं म्हणणं असं आहे, की पैसे ऊस बिलातूनच कापावेत. यावर आम्ही सावधगिरीचा इशारा देतो. बिलातून आधीच सोसायटीची वसुली होते, इतर कपाती होतात. बिल हातात येईतो त्यात राहतं काय? म्हणून बिलातून कपात फक्त जो लेखी मागेल त्याच्यापुरती असावी आणि त्याला महिन्याची मर्यादा असावी. आणि कार्ड हरवलं तर गट कार्यालयात सांगताच ते त्याच दिवशी बंद झालं पाहिजे.

तिसरी गोष्ट, वाटसरू. केंद्र रस्त्यावर आहे, परगावचा माणूस येणार. त्याच्याकडे आपलं कार्ड नसणार. त्याच्यासाठी बँकेचं कार्ड टेकवायचं एक यंत्र आणि कोणत्याही ॲपवरून चालणारा साधा क्यू.आर. लावावा. प्रत्येक नळीला वेगळं कार्डयंत्र घेण्याची जरुरी नाही. युरोपातही एका आवारातल्या अनेक यंत्रांना मिळून एकच पैसे घेण्याचं साधन चालतं. यंत्रावर नळीचा क्रमांक निवडायचा, कार्ड टेकवायचं, काम झालं. म्हणजे खर्च फार वाढतो ही सबबही उरत नाही.

चौथी गोष्ट, दराचा फलक. युनिटचा दर, सर्व कर धरून, मराठीत, हातभर अक्षरांत, दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा असेल तर तसा. पंपावर पेट्रोलचा दर लांबून वाचता येतो. इथं दर ॲपच्या आत दडवलेला नसावा. आणि चार्जिंग झाल्यावर छापील पावती: किती युनिट, काय दर, किती रुपये. आपल्या सभासदाला काट्याची पावती पाहायची सवय आहे. पावतीशिवाय त्याचा विश्वास बसत नाही, आणि ही सवय चांगलीच आहे.

पाचवी गोष्ट, माणूस. यंत्र अडलं तर ज्याला हाक मारता येईल आणि ज्याला यंत्राला हात लावायची परवानगी आहे असा माणूस. वेगळा नेमायला नको. पंपावरच्या दोघा-तिघांना शिकवलं तरी पुरे.

या सूचनांवर आक्षेप येतील आणि त्यांतले काही रास्त आहेत हे आम्ही मान्य करतो. रोख आली की गल्ला आला, गल्ला आला की घोळ आला, असं हिशेब खातं म्हणेल. खरं आहे. पण यंत्र स्वतः युनिट मोजून नोंद ठेवतं. संध्याकाळी यंत्राचे आकडे आणि गल्ल्याचे पैसे ताडून पाहिले की फरक तिथंच उघडा पडतो. डिझेलच्या टाकीत काठी घालून हिशेब लावण्यापेक्षा हा हिशेब चोख बसेल. दुसरा आक्षेप रात्रीचा. रात्री अकरानंतर पंप बंद असतो, तेव्हा रोख घेणार कोण? कोणी नाही. रात्री रोख चालणार नाही, हे आम्ही कबूल करतो. तेव्हा सभासद कार्ड आणि बँकेचं कार्ड चालावं, म्हणजे रात्री अडलेल्याला निदान एक वाट राहील. तिसरा आक्षेप, कंपनी तयार होणार नाही. तर मग दुसरी कंपनी पाहू. जागा आपली, गिऱ्हाईक आपलं. अट घालायचा अधिकार आज आपल्या हातात आहे. सही झाल्यावर, खांब रोवल्यावर तो राहणार नाही. मग आपण अर्ज करीत बसू आणि कंपनी 'विचाराधीन आहे' म्हणून कळवीत बसेल.

विजेवरची गाडी ही श्रीमंताची हौस आहे, तिच्यासाठी एवढी चर्चा कशाला, असंही कोणी म्हणेल. आज मोटारीपुरतं ते थोडंफार खरं असेल. पण मोटारसायकल आली तेव्हाही हेच म्हणत होते, आणि ट्रॅक्टर आला तेव्हाही. आज ज्या रीती आपण पाडू त्या उद्या सगळ्यांना लागू होतील. दूध घालणारी बाई, भाजीची तीनचाकी हाकणारा पोरगा, हे उद्याचं गिऱ्हाईक. त्यांच्या सोयीनं आजच रीत पाडली तर तात्यांच्या मुलाचं काही बिघडत नाही. त्याच्या सोयीनं पाडली तर मात्र हे दोघे दाराबाहेर राहतात.

तात्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आता झालं आहे, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करायचं आहे. परवा त्यांना भेटायला गेलो तेव्हा सभेचा विषय निघाला. ते म्हणाले, "मला सभेला घेऊन चला. मी एकच विचारणार. माझ्या हातात पाचशेची नोट आहे, फोन घरी राहिलाय. मला वीज मिळणार का न्हाई, तेवढं सांगा."

चेअरमनसाहेब आणि संचालक मंडळानं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. आणि सभासदांनी, विषय मंजूर म्हणून हात वर करण्याआधी, ते उत्तर ऐकून घ्यावं.